लॅटिनची रूपं घोकण्याआधी कंबरमोडी हातात घ्या

वनस्पतिशास्त्राच्या पोरींना लॅटिन शिकवताना मी पुस्तक बाजूला ठेवते आणि महाराजबागेच्या रस्त्याकडेची कंबरमोडी उपटून त्यांच्या हातात देते. तिचं नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. जुन्या रोमन वळणानं म्हणायचं तर प्रोकुम्बेन्स, म्हणजे पुढे झुकून पडणारी. पुढचे उच्चारही मी त्याच वळणाचे लिहिते.

आधी नाम. कुठलंही नाम पाठ करताना प्रथमा आणि षष्ठी एका दमात म्हणा: फ्लोस, फ्लोरिस. फूल, फुलाचं. षष्ठीतला 'इस' काढला की 'फ्लोर' उरतं आणि प्रत्यय त्याला लागतात. द्वितीया फ्लोरेम, चतुर्थी फ्लोरी. फूल-फुला, पाणी-पाण्या असं सामान्यरूप आपण लहानपणापासून करतोच. नुसती प्रथमा पाठ केली तर पुढे अडाल.

आता धातुसाधित विशेषणं. चालू क्रियेचं विशेषणही तसंच चालतं: प्रोकुम्बेन्स, प्रोकुम्बेन्तिस. प्रथमेत लपलेला 'त' षष्ठीत बाहेर येतो. प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांना हे एकच रूप. शाळेत संस्कृत शिकला असाल तर फेरेन्तेमच्या शेजारी भरन्तम् लिहून बघा. दोन्हींचा अर्थ 'वाहून नेणाऱ्याला'. हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

झालेल्या क्रियेचं विशेषण म्हणजे आपलं लेला-लेली-लेलं. सातुस, साता, सातुम: पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. त्यावरूनच सातिवुस, म्हणजे लागवडीचा. केशर क्रोकुस सातिवुस, तांदूळ ओरिझा सातिवा, लसूण अल्लिउम सातिवुम. तिन्ही लिंगं स्वयंपाकघरातच सापडली.

संत्र्यापाशी मात्र जपा. नागपुरात राहून मी एकदा झाडाच्या पाटीवर 'कित्रुस रेतिकुलातुस' लिहिलं होतं. शेवटी 'उस' दिसला म्हणून पुल्लिंग धरलं. पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात, म्हणून कित्रुस रेतिकुलाता, जाळीदार. विशेषण नामाच्या लिंगाशी जुळतं, त्याच्या शेपटाशी नाही. ती पाटी मी त्याच दिवशी बदलली.

हे जमलं की 'सोले ओरिएन्ते' सोडवा: सूर्य उगवत असताना. सोल, सोलिस, ओरिएन्स, ओरिएन्तिस. दोन्हींचा 'इस' काढून 'ए' लावला, झालं. संस्कृतात जे काम सति सप्तमी, म्हणजे 'अमुक होत असताना' सांगणारी सप्तमी, करते, ते लॅटिनमध्ये पंचमीसारखी अब्लेटिव्ह विभक्ती करते. अशा क्रियेच्या अर्थानं शेवटी 'ए' येतो. नुसतं विशेषण असेल तर बहुधा 'ई'. वहीत दोन रकाने आखा आणि बागेतल्या पाट्यांवरची 'न्स'नं संपणारी नावं षष्ठीसकट उतरवत चला.