हाड मोडलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी धाप लागली तर: फॅट एम्बोलिझम कसे ओळखावे

ट्रॅक्टर उलटून किंवा दुचाकीच्या धडकेत मांडीचे अथवा नडगीचे हाड मोडलेला रुग्ण पहिल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात व्यवस्थित बोलतो आणि साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान त्याला धाप लागते, तो बरळू लागतो. अशा वेळी अस्थिमज्जेतील चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात व मेंदूत पोहोचले असावेत, म्हणजेच फॅट एम्बोलिझम झाले असावे, ही शंका आधी घ्यावी. ‘दारू उतरते आहे’ असे नातेवाईक सांगतात आणि ते कधी खरेही असते. परंतु ऑक्सिजन मोजल्याशिवाय ते मान्य करू नये.

या आजाराची खात्री देणारी एकच अशी तपासणी नाही, त्यामुळे वारंवार केलेल्या नोंदींवरच सारी भिस्त असते. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा लिहिताना ऑक्सिजन सुरू होता की नव्हता हेही लिहावे आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. छातीचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ असू शकतो, म्हणून तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

बारीक लाल ठिपके दिसले तर निदानाला मोठे बळ मिळते, मात्र ते अनेकांत उमटतच नाहीत आणि उमटले तरी लवकर विरतात. सावळ्या त्वचेवर ते सहज हुकतात. म्हणून रुग्णाला खिडकीजवळच्या उजेडात घेऊन खालची पापणी उलटून पाहावी, मग काख, मान व छातीचा वरचा भाग तपासावा. हे ठिपके बोटाने दाबल्यावर फिके पडत नाहीत.

शॉनफेल्ड यांच्या १९८३च्या गुणपद्धतीत ठिपक्यांना ५, एक्स-रेतील पसरलेल्या डागांना ४, धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरच्या खाली असल्यास ३, तर गोंधळलेपणा, ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, १२०च्या पुढची नाडी आणि ३०च्या पुढचा श्वास यांना प्रत्येकी १ गुण आहे. बेरीज ५ किंवा अधिक झाल्यास निदान धरतात. हा दाब मोजणारी रक्तवायूची तपासणी जिथे होत नाही तिथे ही बेरीज अपुरीच राहते.

ताप, घटलेल्या प्लेटलेट्स आणि गुंगी हे चित्र मेंदूच्या हिवतापातही दिसते, त्यामुळे गडचिरोली भागात हिवतापाची तपासणी टाळू नये. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही चौकशी करावी, कारण त्या रुग्णांत हाड न मोडताही चरबीचे कण सुटू शकतात. डोक्याचा मार नाकारण्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

शंका पक्की होण्याची वाट न पाहता ऑक्सिजन लावून, मोडलेला पाय स्प्लिंटमध्ये स्थिर करून, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रेफर चिठ्ठीवर अपघाताची वेळ, रुग्ण शेवटचा नीट केव्हा बोलला ती वेळ आणि ऑक्सिजन केव्हापासून घसरला ती वेळ ठळक लिहावी. नागपूर किंवा सेवाग्रामच्या डॉक्टरांना मधले हे तास दुसरीकडून कळणार नाहीत.