गल्लीतल्या कॅरम स्पर्धेत पंच व्हायचंय?

आधी खुर्ची थोडी मागे घ्या. तुमची सावली बोर्डावर पडली की हरणाऱ्याला निमित्त मिळतं. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकलाय ना, ते बघत राहा. टोकाचा लाल गोल एकतर पूर्ण झाकायचा, नाहीतर शिवायचाच नाही. अर्धवट चालत नाही.

राणीला (लाल सोंगटीला) लगेच कव्हर, म्हणजे तिच्या पाठोपाठ आपली एक सोंगटी, मिळालं नाही तर ती परत मध्यभागी. खरी भांडणं होतात तिच्या गुणांवरून: 3 गुण, पण खेळाडू 22 वर पोचला की काहीच नाही. 25 गुण किंवा 8 बोर्ड (म्हणजे डाव) झाले की गेम संपतो, हेही सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. मी एकदा विसरलो, तर सख्ख्या मेव्हण्याने दिवाळीपर्यंत अबोला धरला!

मागून ‘कट मार’ म्हणणाऱ्या काकांना चहाला पाठवा.