पळस फुलला की फिरू नका, बसा

फाल्गुनात मेळघाटाच्या दरीत पाखरं बघायला गेलात, तर पायपीट करू नका. फुललेला एक पळस किंवा काटेसावर हेरा, सूर्य पाठीशी घ्या आणि वीसेक पावलांवर अर्धा तास गप्प बसा. मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल आपणहून येतात. शिंजीर हा इवलासा पक्षी वाकडी चोच फुलात खुपसतो आणि बाहेर निघतो तेव्हा कपाळाला पिवळे पराग चिकटलेले असतात. दुर्बिणीतून हे एकदा तरी बघाच.

या दिवसांत साग उघडाबोडका असतो, म्हणून त्याच्या फांद्याही नीट न्याहाळा. रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, दिवसाढवळ्या तिथे बसलेला दिसू शकतो. १८८४ नंतर दिसेनासा झालेला हा थेट १९९७ मध्ये नंदुरबारमधल्या शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला. आपल्या मेळघाटातही तो आहे. तो दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज मात्र कधीही वाजवू नका. हे विणीचे दिवस, पाखरू घरटं सोडून उगाच धावून येतं.

पांढरा सदरा टाळा. घातलाच असेल तर वरून मातकट दुपट्टा घ्या. उजाडण्याआधी जागेवर पोहोचा, नऊनंतर ऊन चढतं.