तिवानाकूची एक दिवसाची सहल : दगड आणि पाणथळ पाहताना या चुका टाळा

बोलिव्हियाच्या पठारावर, ला पाझपासून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर आणि तितिकाका सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ, तिवानाकू या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले हे स्थळ वाटाड्यासोबत एका दिवसात पाहता येते, आणि थोडी आधी विनंती केली तर परतण्यापूर्वी ग्वाकीच्या किनाऱ्यावर किंवा ताराको द्वीपकल्पाच्या बाजूला सरोवरालगतची पाणथळही पाहून होते. तरीही या सहलीहून परतलेल्यांच्या तक्रारी बऱ्याचदा ठरलेल्या असतात : दिवसभर डोके दुखत राहिले, मूर्ती सगळ्या सारख्याच वाटल्या, आणि पाणथळीत गवताखेरीज काही दिसले नाही. पहिली तक्रार शरीराच्या तयारीची आहे. उरलेल्या दोन्ही माझ्या मते एकाच चुकीतून निघतात, ती म्हणजे मूर्ती आणि पाणी ही दोन वेगवेगळी प्रेक्षणीय स्थळे मानण्याची.

विमानतळावरून थेट सहलीला निघणे

ला पाझचे विमानतळ एल आल्तो येथे, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तिवानाकू त्यापेक्षा किंचित खाली, सुमारे ३,८५० मीटरांवर येते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे, आणि लेह शहरही साधारण साडेतीन हजार मीटरांवरच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘आम्ही सह्याद्रीत नेहमी फिरतो’ हा आत्मविश्वास येथे फारसा उपयोगाचा का नाही, ते कळते. या उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीवरच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी भरतो. तंदुरुस्ती आणि उंचीचा त्रास यांचा थेट संबंध नाही. धडधाकट तरुणाला त्रास होऊन त्याच्या आईला काहीच न होणे हे अगदी सामान्य आहे.

म्हणून सहल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी न ठेवता किमान दोन रात्री ला पाझच्या खालच्या, दक्षिणेकडील भागात काढाव्यात आणि मगच निघावे. ॲसिटाझोलामाइडसारखे औषध घ्यायचे असेल तर ते भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. सहलीच्या दिवशी हलके डोके दुखणे, भूक न लागणे किंवा धाप लागणे यांवर विश्रांती आणि पाणी हा उपाय पुरतो. परंतु चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागीही श्वास अपुरा पडू लागला, तर ‘एवढे अवशेष पाहून घेऊ’ असे म्हणत थांबू नये. तेव्हा उपचार एकच असतो : प्राणवायू मिळवणे आणि लवकरात लवकर खाली उतरणे. वाटाड्याकडे गाडीत प्राणवायूचे सिलिंडर आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

कोकाच्या पानांचा चहा येथे सर्वत्र मिळतो आणि तो पिण्यात तेथे काहीच गैर नाही. चूक होते ती परतताना त्याच्या पुड्या भेट म्हणून बॅगेत टाकण्याची. भारतात कोकाचे पान अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि विमानतळावर ‘हा तर साधा चहा’ हे उत्तर चालत नाही. ज्यांच्या नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होते, त्यांनी तेथेही हा चहा टाळलेला बरा, कारण चाचणीत तो दिसून येऊ शकतो.

गूढतेच्या गोष्टींवर दिवस घालवणे

तिवानाकूविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत परग्रहवासी येतात, हरवलेले खंड येतात, आणि ‘हे नगर पंधरा हजार वर्षांपूर्वीचे आहे’ हे वाक्य तर हमखास येते. या शेवटच्या कल्पनेचा उगम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासक आर्थर पोझनान्स्की यांनी वास्तूंच्या दिशांवरून केलेल्या खगोलीय गणितात आहे. रेडिओकार्बन पद्धतीने काढलेल्या कालखंडाशी ते मुळीच जुळत नाही. नगराची भरभराट इसवी सनाच्या साधारण ५०० ते १००० या काळातली आहे, आणि येथील ज्या पूमा पुंकू या वास्तूविषयी सर्वाधिक कपोलकल्पित कथा आहेत, तिच्या चौथऱ्यातील सर्वांत खालच्या भरावाचा काळ सहाव्या शतकातला निघाला आहे. दुसरी, अधिक साधी चूक म्हणजे हे सर्व इंका लोकांचे मानणे. इंका येथे पोहोचले तेव्हा नगर ओस पडून काही शतके लोटली होती.

वाटाड्या अशा कथांत रमला तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही. त्याला मूर्तीसमोर उभे करून ‘हिच्या हातात काय आहे?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने सहलीची दिशा बदलते. कालासासाया या प्रशस्त आवारात उभी असलेली पोन्से मूर्ती पाहा : पुरातत्त्वज्ञ कार्लोस पोन्से सान्हिनेस यांनी १९५७ मध्ये ती पुन्हा उजेडात आणली. तिच्या एका हातात ‘केरो’ म्हणजे पेयाचा उभट पेला आहे, आणि दुसऱ्या हातातील वस्तू पूड नाकात ओढण्यासाठी वापरायची तबकडी असावी, असे संशोधक मानतात. अंगावरची बारीक वेलबुट्टी म्हणजे विणलेले वस्त्र आहे. खांद्यावर कोरलेला क्रूस मात्र नंतरचा, स्पॅनिश काळातला. जवळच ‘एल फ्राइले’ म्हणजे ‘साधू’ या नावाने ओळखली जाणारी वालुकाश्माची मूर्ती आहे. वाऱ्यापावसाने झिजलेली म्हणून लोक तिला ओलांडून पुढे जातात, पण तिच्या कमरपट्ट्यावर खेकड्यांसारखे जलचर कोरलेले आहेत. सरोवर या दगडात किती खोल शिरले आहे, हे पाहायचे असेल तर तेथे पाच मिनिटे थांबावे.

सूर्यद्वाराबाबतही गैरसमज आहेत. अँडेसाइट या ज्वालामुखीय खडकाच्या एकाच शिळेतून कोरलेले, सुमारे तीन मीटर उंचीचे हे द्वार एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांना मोडून पडलेले आढळले होते, आणि आज ते जेथे उभे आहे ती त्याची मूळ जागा असावी असे अभ्यासक मानत नाहीत. त्यामुळे त्याच्या सध्याच्या स्थानावरून सूर्याची आणि ताऱ्यांची गणिते मांडणे व्यर्थ आहे. त्याऐवजी मधल्या दंडधारी देवतेच्या दोन्ही बाजूंचे ४८ पंखधारी सेवक तीन रांगांत पाहावेत : मधल्या रांगेतील सेवकांना कोंडोर पक्ष्याची डोकी आहेत, वरच्या आणि खालच्या रांगांत माणसांचे चेहरे आहेत. कोरीव काम उथळ असल्यामुळे भर दुपारच्या उन्हात ते सपाट दिसते. सकाळच्या तिरप्या उजेडात तेच उठून येते. सहल सकाळी सात-साडेसातलाच निघावी असा आग्रह धरण्याचे हे खरे कारण आहे.

तशीच चूक भिंतींबाबत होते. जुन्या छायाचित्रांत कालासासायाचे केवळ उभे खांब दिसतात. त्यांच्यामधली भिंत बरीचशी विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पुनर्बांधणीत भरलेली आहे. शेजारच्या जमिनीखालच्या चौकोनी मंदिरात भिंतींतून बाहेर आलेली पावणेदोनशे दगडी मस्तके खरी जुनी आहेत. त्यांना हात लावून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. मऊ दगड आधीच पुरेसा झिजला आहे.

संग्रहालय शेवटी ठेवणे

वाटाडे बहुधा उघड्यावरचे अवशेष आधी दाखवतात आणि संग्रहालय शेवटी, म्हणजे पाय दुखू लागल्यावर आणि जेवणाची वेळ झाल्यावर. परिणामी येथील सर्वांत मोठी मूर्ती अनेकांची पाहायची राहते. पुरातत्त्वज्ञ वेंडेल बेनेट यांना १९३२ मध्ये सापडलेली, सात मीटरांहून उंच आणि सुमारे वीस टनांची ही मूर्ती पुढे ला पाझला नेऊन क्रीडागाराजवळ उघड्यावर उभी केली गेली, तेथे अनेक दशके शहराचा धूर आणि पाऊस सोसत राहिली, आणि २००२ मध्ये परत आणून छताखाली ठेवण्यात आली. तिच्या अंगावरील लामा, वनस्पती आणि पंखधारी आकृतींचे कोरीव काम शांतपणे वाचायला अर्धा तास लागतो. तेव्हा संग्रहालय आधी, अवशेष नंतर, असा क्रम निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावा. आत छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. तिकीट फेकून देऊ नये. पूमा पुंकू मुख्य आवारापासून दूर, वेगळ्या कुंपणात आहे आणि तेथे ते पुन्हा दाखवावे लागते.

पाणथळीला ‘उरलेला वेळ’ देणे

येथे मूळ मुद्द्याकडे येतो. पूमा पुंकूचे करडे अँडेसाइट दगड सरोवराच्या पलीकडच्या ज्वालामुखीय भागातून आले. ते पाण्यावरून आणले असावेत हे तपासण्यासाठी २००२ मध्ये तोतोरा लव्हाळ्याच्या होडीतून सुमारे नऊ टनांची शिळा सरोवर ओलांडून आणण्याचा प्रयोगही झाला. आकापाना या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवजा वास्तूत दगडी नाल्या होत्या आणि पावसाचे पाणी त्यांतून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर उतरत असे. वरचा मोठा खड्डा मात्र खजिन्याच्या हव्यासापायी खोदलेला आहे. आणि नगराचे पोट भरणारी शेती सरोवराकाठच्या दलदलीतच होती. आयमारा भाषेत ‘सुकाकोल्यो’ म्हटले जाणारे हे उंच वाफे आपल्या सरी-वरंब्याच्या कितीतरी पट रुंद असत आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे चर असत. दिवसभर चरातले पाणी ऊन साठवी आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडी, त्यामुळे पठारावरच्या जीवघेण्या कडाक्यातही बटाट्याचे पीक तगत असे. पुरातत्त्वज्ञ ॲलन कोलाटा आणि ओस्वाल्दो रिव्हेरा यांनी १९८० च्या दशकात स्थानिक शेतकऱ्यांसोबत असे वाफे पुन्हा करून ही पद्धत तपासली. आज त्यांच्या खुणा मैदानात हलक्या लाटांसारख्या दिसतात; वाटाड्याने दाखवल्याशिवाय त्या बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत, म्हणून त्या दाखव, असे आवर्जून सांगावे लागते.

तितिकाकाचा बोलिव्हियातील भाग १९९८ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, ज्या यादीत आपले नांदूर मध्यमेश्वरही आहे. पक्षी पाहण्यासाठी जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे दुपारी दोनला, वारा सुटल्यावर, दुर्बिणीशिवाय काठावर उभे राहणे. मूर्तींवरच्या सकाळच्या उजेडापेक्षा पक्षी महत्त्वाचे वाटत असतील, तर शक्य असल्यास सहलीचा क्रम उलटा करून आधी किनारा गाठावा. तोतोराच्या कडेने शांत उभे राहिल्यास आपल्या वारकरी पक्ष्याची अँडीजमधील भावंडे, काळसर शराटी, कधी रोहितांचा थवा, आणि नशीब असल्यास या परिसराबाहेर कोठेही न आढळणारी, उडू न शकणारी टिबुकली दिसते. ही टिबुकली मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मोठ्या प्रमाणावर मरते, म्हणून होडी तिच्या मागे पळवायला नाविकाला सांगू नये. एल आल्तोचे सांडपाणी कातारी नदीतून कोहानाच्या उपसागरात येते, तेव्हा सरोवराचे पाणी कितीही निळे दिसले तरी त्यात उतरणे किंवा ते पिणे टाळावे.

वाटेत ‘बोफेदाल’ म्हणजे गालिच्यासारखी हिरवी, स्पंजासारखी दलदल लागली, तर तिच्यावर चालत जाऊन मध्यभागी छायाचित्र काढू नये. त्या गच्च वनस्पतींच्या उशा अतिशय सावकाश वाढतात, आणि बुटाने दाबलेली जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. शिवाय ते लामा-अल्पाकांचे कुरण आहे, म्हणजे कोणाच्या तरी घरचे. आयमारा स्त्रियांची छायाचित्रे काढण्यापूर्वीही परवानगी घ्यावी.

जेवण, जून महिना आणि बंद रस्ते

शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने’ एवढेच सांगून निश्चिंत होऊ नये. बोलीभाषेत ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस किंवा तत्सम लाल मांस; कोंबडी आणि मासे त्यात धरले जातीलच असे नाही, आणि किन्वाचे सूप हाडांच्या रश्शात शिजवलेले असू शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे कार्ने’ असे पूर्ण सांगावे आणि तरीही पिशवीत दशम्या-चटणी ठेवावी.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो हे विसरू नये. २१ जूनला आयमारा नववर्ष असते. पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक उगवत्या सूर्याकडे तळहात करून उभे राहतात. तो सोहळा अनुभवण्यासाठी अवश्य जावे, पण मूर्ती निवांत पाहायच्या असतील तर तो दिवस सोडून द्यावा. डिसेंबर ते मार्च पावसाचे महिने असतात, त्यात पाणथळ भरलेली असते आणि वाटा चिखलाच्या.

शेवटची चूक वेळापत्रकाची. आंदोलनात रस्ते अडवणे ही बोलिव्हियातील नित्याची गोष्ट आहे, आणि ला पाझ ते पेरूच्या सीमेवरील देसाग्वादेरो हा तिवानाकूचाच महामार्ग अनेकदा बंद पडतो. परतीचे विमान त्याच रात्रीचे किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेचे असेल, तर सहल आधीच्या दिवसांत उरकावी. सकाळी निघताना वाटाड्याला रस्ता उघडा आहे का ते विचारावे, आणि परतताना गाडी अडकलीच तर तिवानाकू गावच्या चर्चसमोर उतरावे : अवशेषांतल्या दगडांनी बांधलेल्या त्या चर्चच्या दाराशी दोन प्राचीन मूर्ती बसल्या आहेत, आणि त्या पाहायला तिकीट लागत नाही.