शहराबाहेरच्या स्वस्त गावात राहायला जायचंय? आधी एका मंगळवारी तिथे राहून बघा

पाच वर्षांपूर्वी आम्ही मोठं शहर सोडून बाहेरच्या एका छोट्या गावात राहायला आलो आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की आम्हालाही यायचंय, कसं करायचं, काय बघायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते म्हणून आता एकदा नीट लिहून काढतेय. लांबलंय जरा, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, बाहेरचं गाव स्वस्त का असतं ते समजून घ्या. योहान फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये शेतीबद्दल मांडलं होतं की बाजारपेठेपासून जसं लांब जावं तसा जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, उतरत जातो, कारण माल वाहून न्यायचा खर्च वाढतो. १९६४ मध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी हाच विचार शहरातल्या घरांना लावला. आपल्या भाषेत सांगायचं तर भाड्यात जे वाचतं ते कुणी आपल्याला बक्षीस देत नाही, आपण रोज जे अंतर कापणार आहोत त्याचाच तो मोबदला असतो. म्हणून स्वस्त घर दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, इथे नेमकं कशामुळे स्वस्त आहे? नुसतं लांब आहे म्हणून असेल तर ठीक, आपण हिशेब करू शकतो. पण दर पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जातो म्हणून स्वस्त असेल, किंवा शेजारच्या कारखान्याच्या धुरामुळे, किंवा मागून मोठा रस्ता जाणार आहे म्हणून, तर ते जाहिरातीत कुणी लिहीत नाही, ते तिथे राहणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं. आणि याच्या उलटही असतं बरं का, किलोमीटरमध्ये लांब पण मिनिटांत जवळ, म्हणजे थेट फास्ट ट्रेन आहे, मध्ये गाडी बदलायची नाही, अशी गावं शोधा. नकाशावर अंतर मोजत बसू नका, दारापासून दारापर्यंत किती मिनिटं ते मोजा.

आता पैशांचा हिशेब. बहुतेक जण फक्त भाडं किंवा हप्ता बघतात आणि तिथेच चुकतात. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर परवडतंय की नाही हे ठरवताना प्रवासाचा खर्चही त्यात धरायचं सुचवलं, घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत, असं त्यांचं माप आहे. मला ते पटतं. समजा शहरात भाडं १०० आहे आणि बाहेर ५५, म्हणजे ४५ वाचले असं वाटतं, पण पास आणि इंधन मिळून २० गेले, घर मोठं मिळालं म्हणून वीज आणि फर्निचर वाढलं, घरात एकाच्या जागी दोन गाड्या लागल्या, कधी शेवटची ट्रेन चुकली की टॅक्सी, असे अजून १५. राहिले १०. ते १० सुद्धा चांगलेच आहेत, पण तुम्ही ४५ च्या आनंदात निर्णय घेतलेला असतो ना! म्हणून तीन महिन्यांचा खरा खर्च एका कागदावर लिहा आणि बाजूला नव्या जागेचा अंदाज लिहा, गाडीची दुरुस्ती आणि टायर यांच्यासकट, ते कायम विसरले जातात.

पैशांपेक्षा मोठी वस्तू म्हणजे वेळ, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. आधी ऑफिसला जायला ४० मिनिटं लागत असतील आणि आता ९० लागणार असतील तर जाऊन येऊन रोजची १०० मिनिटं जास्त. वर्षाला २२० दिवस ऑफिस धरलं तर २२,००० मिनिटं, म्हणजे साधारण ३६६ तास, म्हणजे पूर्ण १५ दिवस आणि १५ रात्री तुम्ही वर्षातून आधीपेक्षा जास्त गाडीत बसणार. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाकाठी सरासरी एक तासाच्या आसपासच प्रवास करतो, वाहनं वेगवान झाली की वेळ वाचत नाही, फक्त वस्त्या लांब जातात. आणि झुरिकचे दोन अर्थतज्ज्ञ, श्टुट्सर आणि फ्राय, यांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून दाखवलं की लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचं सांगतात. खरं तर स्वस्त घर किंवा चांगला पगार यांनी त्या प्रवासाची भरपाई व्हायला हवी, पण ती पूर्ण होताना दिसत नाही. मी हे वाचलं ते इकडे आल्यावर, आणि पहिल्या वर्षी मला रोज संध्याकाळी जे वाटायचं ते नेमकं हेच होतं.

तरी मी परत गेले नाही, कारण आठवड्यात दोनच दिवस ऑफिस असेल तर गणित पूर्ण पालटतं. तेव्हा दिवस मोजा. दोन दिवस असेल तर दीड तास सुद्धा चालून जातो, पाच दिवस असेल तर एका बाजूने एक तासाच्या वर जाऊ नका असंच मी सांगेन. आणि घरून काम करायची मुभा आहे म्हणून जाणार असाल तर ती मुभा लेखी आहे का बघा. माझ्या तेव्हाच्या कंपनीने तोंडी कबूल केलं होतं की आठवड्यातून एकदा आलीस तरी चालेल, इकडे आल्यावर महिन्याभरातच मेल आला की चार दिवस यायचं. आमचं सामान लागलेलं, मुलगी शाळेत रुळायला लागलेली. शेवटी नोकरी बदलली, पण मधले आठ महिने फार ओढाताण झाली. लेखी नसेल तर पाच दिवस जावं लागेल असं धरूनच घर निवडा.

आता मंगळवार. सगळे जण घर बघायला रविवारी जातात. रविवारी रस्ते मोकळे, हवा छान, एजंट गाडी घेऊन स्टेशनवर हजर, गाव कुणालाही आवडेल. तुम्ही कामाच्या दिवशी जा, आणि नुसतं बघू नका, तो दिवस जगून बघा. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा, सकाळी तिथून ऑफिसला निघा, दिवसभर काम करा आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला सुटून परत तिथे या. मी असंच केलं होतं. आम्हाला जे पहिलं घर पसंत होतं ते स्टेशनपासून गाडीने सात मिनिटं, रविवारी अगदी सोपं वाटलेलं. मंगळवारी साडेसहाला सुटले, आठ वीसला ट्रेन पोचली, बाहेर आले तर बसथांबा रिकामा. खांबावर लावलेल्या वेळापत्रकावर मोबाईलचा उजेड टाकून बघितलं तर शेवटची बस आठला. चालत निघाले, पस्तीस मिनिटं, अर्ध्या रस्त्याला दिवे नाहीत, फुटपाथ नाही, मागून गाडी आली की मातीत उतरून उभं राहायचं. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. ते घर सोडलं आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक खोली कमी असलेलं घर घेतलं, भाडं थोडं जास्त, पण दुसरी गाडी घ्यावी लागली नाही. माझं ठाम मत आहे, छोट्या गावात येताना घर थोडं लहान चालेल, पण ते स्टेशनच्या किंवा बसच्या चालत अंतरावर हवं.

त्याच मुक्कामात पाणी बघा. सकाळी सगळे उठलेले असतात त्या वेळेला स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून बादली लावा आणि घड्याळ बघा. एका घरी मला २० लिटरची बादली भरायला अकरा मिनिटं लागली, दुपारी तोच नळ धो धो वाहत होता. बोअरचं पाणी असेल तर तपासून घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ६०० मिलीग्रॅमच्या आत असले तर चव बरी लागते आणि १००० च्या वर गेले की पिववत नाही. सांडपाणी कुठे जातं तेही विचारा, शहरात आपल्याला हा प्रश्नच पडत नाही. सेप्टिक टँक असेल तर साधारण दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते, शेवटची कधी उपसली आणि पैसे मालक देणार की तुम्ही हे आधीच बोलून घ्या.

इंटरनेटबद्दल कंपनीच्या कॉलसेंटरवर विश्वास ठेवू नका, शेजारच्या घरात जाऊन विनंती करा आणि रात्री नऊला स्पीड टेस्ट लावून बघा, कारण तेव्हा सगळे ऑनलाइन असतात. डाउनलोडचा मोठा आकडा सगळे दाखवतात, कामासाठी अपलोड महत्त्वाचं, एका चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतं, दोघं जण कॉलवर असाल तर दुप्पट. फायबर नसेल आणि कुणी सॅटेलाइट सुचवलं तर विचारा की कुठला, कारण जुन्या पद्धतीचा उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, सिग्नल जाऊन येईपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो आणि मीटिंगमध्ये दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना हा त्रास फार नाही. वीज किती वेळा जाते ते पण त्याच शेजाऱ्याला विचारा.

दवाखाना. इथे कृपया घाई करू नका. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये मांडलं होतं की प्रत्येक सेवेला टिकायला ठराविक गिऱ्हाईक लागतं, म्हणून रोजच्या गोष्टी छोट्या वस्तीत मिळतात आणि क्वचित लागणाऱ्या मोठ्याच गावात. दवाखान्याचं तसंच, सर्दीतापाचा डॉक्टर गल्लीत मिळेल पण मेंदूचा स्पेशालिस्ट मिळणार नाही, त्यात गावाची काही चूक नाही, तेवढे पेशंटच नसतात. पण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. तेव्हा सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथे रात्री दोनला पोचायला किती वेळ लागतो आणि अॅम्ब्युलन्स कुठून निघते, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय अॅग्रीमेंटवर सही करू नका. घरात वयस्कर माणूस असेल, कुणाला हृदयाचा त्रास असेल, बाळ होणार असेल तर ही अट आधी आणि भाडं नंतर.

आणि घरातलं जे माणूस दिवसभर तिथे असणार, त्याचं मत सगळ्यात आधी घ्या. आम्ही हे केलं नाही आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. मी आणि नवरा कामाला जाणार, मुलगी शाळेत, दिवसभर घरी कोण, तर सासूबाई. त्यांना शहरात खाली उतरलं की चार मैत्रिणी भेटायच्या, वाचनालय समोर, लागलं तर स्वतः बसने कुठेही जायच्या. इथे पहिले चार महिने त्या खिडकीत बसून असायच्या, तक्रार एक शब्दाची नाही. मग एकदा म्हणाल्या, "तुम्ही सकाळी जाता ना, मग मला दिवस संपत नाही." तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. जो गाडी चालवत नाही त्याला एकट्याने कुठे कुठे जाता येईल, ते त्याच्याबरोबर चालून बघा. मुलांचंही तेच, शाळा कशी आहे याबरोबर शाळा सुटल्यावर ते जाणार कुठे हे बघा. आणि बदलायचंच असेल तर शैक्षणिक वर्ष संपताना बदला, मध्ये नको.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. कितीही आवडलं, कितीही चांगला सौदा असला तरी. छोट्या गावात घर विकत घेणं सोपं असतं, विकणं नाही, गिऱ्हाईक कमी असल्यामुळे घाईत विकायचं म्हटलं की भाव पडतो. वर्षभरात सगळे ऋतू बघून होतात, ओल कुठे येते, रस्ता कधी बंद होतो, उन्हाळ्यात पाण्याचं काय. शहरात स्वतःचं घर असेल तर या वर्षात ते भाड्याने द्या, विकू नका. आणि नोकरी गेलीच तर पाऊण तासाच्या आत तुमच्या कामाची दुसरी ठिकाणं किती आहेत हे एकदा मोजून ठेवा, दोघांच्याही कामाची.

सामान हलवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आठवड्याच्या मधल्या दिवशी हलवा, ट्रक मिळतो आणि पत्ते बदलायला ऑफिसं उघडी असतात. औषधं, चार्जर, कागदपत्रं आणि एका रात्रीचं अंथरूण वेगळ्या पिशवीत ठेवा.

ओळखी व्हायला मात्र वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला २०० च्या वर, असं दिसलं. रोज रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला हे तास मिळत नाहीत, म्हणून आठवड्यातली एक ठरलेली वेळ गावासाठी ठेवा, खेळ, वाचनालय, झाडं लावणं, काहीही, पण दर आठवड्याला तीच वेळ आणि तीच माणसं. सासूबाईंना आम्ही पाचव्या महिन्यात शाळेच्या वाचनवर्गात नेऊन सोडलं, मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला माणूस हवं होतं. आता मी स्टेशनवरून येताना वाटेत कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "तुम्ही वाचणाऱ्या आजींच्या घरच्या ना?"