डेंग्यूविषयी घरोघरी सांगताना
‘परिसर स्वच्छ ठेवा’ एवढेच सांगून थांबू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे अशा ठिकाणी साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे घरच्यांना त्यांच्याच पिंपातल्या वळवळणाऱ्या अळ्या टॉर्चच्या उजेडात दाखवून पटवावे. अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ (पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा) ठरवून द्यावा. भांडे नुसते उपडे करणे पुरत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. ते आतून घासायलाच सांगावे. पाणीटंचाईच्या गावात साठा ओतून द्या म्हणणे निरर्थक (आणि थोडे उद्धटही) ठरते. तिथे पिंपाला घट्ट कापड बांधणे किंवा हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे सुचवावे. धूरफवारणीने अळ्या मरत नाहीत, हेही स्पष्ट करावे.