रेषीय समीकरणाचा आलेख कसा काढावा आणि आंतरछेद कसे शोधावेत

३क्ष + २य = १२ असे समीकरण समोर आले की बरेच विद्यार्थी लगेच तक्ता आखतात आणि क्षच्या जागी १, २, ३ घालत जातात. क्ष = १ घेतला की य येतो ४.५, क्ष = ३ घेतला की १.५. दशांश आले की बिंदू बारीक रेघांमध्ये शोधावे लागतात आणि तिथेच चूक होते. त्यापेक्षा ही रेषा दोन अक्षांना जिथे छेदते ते दोन बिंदू आधी काढावेत. बहुतेक वेळा ते तोंडी निघतात.

पाठ्यपुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय असतात. इथे जुन्या मराठी रिवाजाप्रमाणे क्ष आणि य घेतले आहेत. अक्षर कोणतेही चालते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे वापरली. त्यातले पहिले सोडले तर बाकीची रंगांची आहेत.

१. क्ष-अक्षावरचा बिंदू

क्ष-अक्षावरच्या कोणत्याही बिंदूचा य-निर्देशक शून्य असतो, कारण तो बिंदू अक्षाच्या वरही नसतो आणि खालीही नसतो. म्हणून समीकरणात य = ० ठेवा. २य हे पद बोटाने झाकले तरी चालते. उरते ३क्ष = १२, म्हणजे क्ष = ४. बिंदू (४, ०), आणि क्ष-आंतरछेद ४.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘क्ष-आंतरछेद’ म्हटले की हात आपोआप क्ष = ० लिहितो, आणि दोन्ही उत्तरांची अदलाबदल होते. नियम पाठ करण्याऐवजी अक्षावर बोट ठेवून स्वतःला विचारा: इथे शून्य काय आहे?

२. य-अक्षावरचा बिंदू

आता ३क्ष झाका. २य = १२, म्हणून य = ६. बिंदू (०, ६).

पद झाकताना उरलेल्या पदाचे चिन्ह मात्र सोडू नका. २क्ष − ५य = १० मध्ये २क्ष झाकल्यावर ५य = १० उरत नाही, −५य = १० उरते. म्हणून य = −२ आणि बिंदू (०, −२), म्हणजे आरंभबिंदूच्या खाली.

३. तिसरा बिंदू

दोन बिंदूंतून रेषा निश्चित होते, हे खरे. पण दोन बिंदूंतून चुकीची रेषाही तितकीच सरळ दिसते. तिसरा बिंदू ही चूक उघडी पाडतो, म्हणून तो टाळू नका. पहिल्या समीकरणात क्ष = २ घ्या: ६ + २य = १२, य = ३. (२, ३) हा बिंदू आधीच्या दोघांच्या रेषेत आला, तर काम बरोबर झाले आहे.

दुसऱ्या समीकरणात समजा चिन्ह चुकून (०, २) घेतला. (५, ०) बरोबर आहे आणि दोन्ही जोडणारी रेषाही छान दिसते. मग क्ष = −५ घेऊन पाहा: −१० − ५य = १०, य = −४. चुकलेली रेषा तिथे +४ वर असते. तिसरा बिंदू आठ एकक खाली पडला की चूक लपत नाही.

४. कागदावर

आंतरछेद आधी काढले की प्रमाण ठरवणे सोपे जाते. ४ आणि ६ असतील तर दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक पुरते. प्रमाण कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहा. अक्षांना नावे द्या, आरंभबिंदूला ० लिहा, आणि ऋण बाजूचे आकडे ऋण चिन्हासह लिहा. बिंदू मांडताना आधी आडवे जायचे, मग उभे. टोकदार पेन्सिलने बारीक ठिपका द्या, कारण जाड ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे पट्टी ठेवताना कळत नाही.

रेषा शेवटच्या बिंदूंच्या पुढे दोन्हीकडे वाढवा, टोकांना बाण काढा आणि तिच्याजवळ समीकरण लिहा. बिंदूंपाशीच थांबलात तर तो रेषाखंड होतो, पण समीकरणाच्या उकली तिथे संपत नाहीत.

बिंदू एकमेकांपासून दूर असू द्या. १ सेमी अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक अर्धा मिलिमीटर सरकला, तर १० सेमी लांब गेल्यावर रेषा ५ मिलिमीटर भरकटते.

आंतरछेद अपूर्णांकात आले तर

३क्ष + ४य = १० चे आंतरछेद १०/३ आणि ५/२ आहेत. १०/३ म्हणजे ३.३३..., आणि तो मिलिमीटरच्या कोणत्याच रेघेवर नेमका पडत नाही. आंतरछेद विचारले असतील तर उत्तर अपूर्णांकातच लिहा, पण रेषा काढायला पूर्णांकातले बिंदू शोधा. एक सापडला की बाकीचे आपोआप मिळतात. क्ष = २ घेतल्यास य = १. आता क्षमध्ये ४ मिळवा आणि यमधून ३ वजा करा: (६, −२). उलट दिशेने (−२, ४). सहगुणक ३ आणि ४ इथे जागा बदलतात. क्ष ४ ने वाढला की ३क्ष १२ ने वाढतो, आणि य ३ ने घटला की ४यही १२ नेच घटतो, म्हणून बेरीज १० च राहते. ही युक्ती एकदा हातात बसली की तक्त्यात दशांश जवळपास येतच नाहीत.

दोन आंतरछेद मिळत नाहीत तेव्हा

२क्ष − ३य = ० मध्ये काहीही झाका, उत्तर शून्यच येते. रेषा आरंभबिंदूतून जाते, त्यामुळे दोन्ही आंतरछेद एकाच बिंदूवर पडतात. इथे (३, २) आणि (−३, −२) हे बिंदू घ्या.

क्ष = ३ मध्ये य नाहीच. याचा अर्थ य शून्य असा होत नाही. य काहीही असू शकतो. (३, ०), (३, ५), (३, −२) हे सगळे चालतात, म्हणून रेषा उभी येते, य-अक्षाला समांतर. समीकरणात क्ष दिसतो म्हणून ती क्ष-अक्षाला समांतर काढणे ही नेहमीची चूक आहे. तिला य-आंतरछेद नसतो. तसेच य = −२ ही आडवी रेषा आहे आणि तिला क्ष-आंतरछेद नाही.

समीकरण य = २क्ष − ३ अशा रूपात असेल तर य-आंतरछेद समोरच आहे: −३. (०, −३) पासून एक एकक उजवीकडे, दोन एकक वर, असे जात राहा, कारण चढ २ आहे. क्ष-आंतरछेद मात्र सोडवूनच काढावा लागतो: ० = २क्ष − ३, म्हणून ३/२.

आंतरछेदाचा अर्थ

१००० लिटरची भरलेली टाकी मिनिटाला ४० लिटर या वेगाने रिकामी होते आहे. क्ष मिनिटांनी उरलेले पाणी य लिटर धरले तर य = १००० − ४०क्ष. य-आंतरछेद १००० म्हणजे सुरुवातीचे पाणी. क्ष-आंतरछेद २५ म्हणजे टाकी कोरडी होण्याची वेळ.

इथे दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण चालणार नाही. क्ष-अक्षावर १ सेमी = ५ मिनिटे आणि य-अक्षावर १ सेमी = १०० लिटर घेतले, की आलेख ५ सेमी रुंद आणि १० सेमी उंच बसतो. प्रमाण बदलले की रेषा कमी-जास्त तिरकी दिसते, पण आंतरछेदांच्या किमती बदलत नाहीत.

ही रेषा अक्षांच्या पलीकडे वाढवू नका आणि टोकांना बाणही नकोत. ३० मिनिटांना समीकरण −२०० लिटर दाखवते, पण पाणी तर पंचविसाव्या मिनिटालाच संपलेले असते. (०, १०००) पासून (२५, ०) पर्यंतचा, पहिल्या चरणातला रेषाखंड एवढाच या टाकीचा आलेख.